पहिले तीन पर्याय

लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवते आणि बारावीचा निकाल लागला की प्रवेश मार्गदर्शन कक्षाचे काम पाहते. एरवी या कक्षात येणारे प्रश्न कागदपत्रांचे असतात. २०२५च्या पावसाळ्यात, अभियांत्रिकीच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतल्या, म्हणजे कॅपच्या, दुसऱ्या फेरीचे पर्याय भरण्याच्या शेवटच्या दिवशी आलेले प्रकरण मात्र निराळे होते, कारण त्या मुलीचे सर्व दाखले, अगदी जातवैधता प्रमाणपत्रासह, एका फाइलमध्ये क्रमाने लावलेले होते.

मुलगी औसा तालुक्यातल्या एका पुनर्वसित गावातली; १९९३च्या भूकंपानंतर जुने गाव सोडून नव्या जागी वसवलेल्या गावांपैकी ते एक. वडील गवंडी, हल्ली घरबांधणीची लहान कामे मजुरीने अंगावर घेणारे. त्यांच्यासोबत मुलीचे मामा आले होते आणि बोलणे मुख्यतः तेच करीत होते. सीईटीमध्ये तिला त्र्याण्णवच्या आसपास पर्सेंटाइल होते, प्रवर्ग इतर मागास वर्गाचा. पहिल्या फेरीत तिला जागा मिळाली नव्हती, कारण नेट कॅफेत भरलेल्या फॉर्ममध्ये मोजकेच पर्याय होते आणि तेही सगळे तिच्या आवाक्याबाहेरचे. दुसऱ्या फेरीचा फॉर्म त्याच दुकानात भरला होता. सुदैवाने तो अजून कन्फर्म केलेला नव्हता. त्यात पुणे परिसरातल्या खासगी महाविद्यालयांतली कॉम्प्युटर शाखा ओळीने मांडलेली होती आणि मागच्या वर्षीच्या कटऑफवरून जिथे जागा हमखास मिळेल असे वाटले, ते महाविद्यालय सर्वांत वर होते.

हा क्रम उलटा आहे, हे मला दर वर्षी समजावून सांगावे लागते. जागावाटप करताना संगणक गुणवत्ता क्रमांकानुसार एकेका विद्यार्थ्याकडे येतो आणि त्याच्या यादीतला वरून पहिला जो पर्याय त्या वेळी शिल्लक असेल, तो त्याला देतो. त्यामुळे अवघड वाटणारे महाविद्यालय वर लिहिल्याने खालच्या पर्यायाची संधी तसूभरही कमी होत नाही. उलट हमखास मिळणारे वर लिहिले, तर त्याखालचे चांगले पर्याय वाचलेच जात नाहीत. त्यातच त्या वर्षी नियम कडक झाला होता: पहिल्या फेरीत पहिला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कोणताही पर्याय मिळाला, की ती जागा आपोआप गोठते आणि पुढच्या फेऱ्यांचा मार्ग बंद होतो. म्हणजे त्या संध्याकाळी फॉर्म तसाच कन्फर्म झाला असता, तर वरच्या तीन ओळींपैकी एक तिच्या पुढच्या चार वर्षांवर जवळजवळ नक्की शिक्कामोर्तब करणार होती.

मी मुलीला विचारले की, या तीन ओळींपैकी तिची कोणती. तिने वडिलांकडे पाहिले आणि हळूच म्हणाली, “मला सिव्हिल घ्यायचंय, मॅडम.”

मामा लगेच म्हणाले, “त्र्याण्णव पर्सेंटाइल पडल्यावर सिव्हिल घ्यायचं म्हंजे मार्क वायाच की.”

हे वाक्य मी इतक्या पालकांच्या तोंडून ऐकले आहे की त्यावर वाद घालणे मी सोडून दिले आहे. जणू खिशात शंभराची नोट असली, की नव्वदची वस्तू आवडूनही घ्यायची नाही! मी वाद न घालता दोन महाविद्यालयांच्या संकेतस्थळांवरून कॉम्प्युटर आणि सिव्हिल या दोन्ही शाखांचे दुसऱ्या व तिसऱ्या वर्षाचे अभ्यासक्रम काढले, ते तिच्यासमोर ठेवले आणि जे विषय आपणहून वाचावेसे वाटतात त्यांच्यावर खूण करायला सांगितले. कॉम्प्युटरच्या कागदावर तिने एक-दोन खुणा केल्या. सिव्हिलच्या कागदावर ती ‘सॉइल मेकॅनिक्स’पाशी थांबली आणि तिने विचारले, “आमच्या घराच्या भिंतींना दर उन्हाळ्यात भेगा पडतात, ते यात येतं का?”

मी उत्तर देण्याआधीच वडील बोलू लागले. काळी माती पाण्याने फुगते, उन्हात आकसते, वरवर पाया घेतला की घर त्या मातीबरोबर हलते, म्हणून मुरूम लागेपर्यंत खोदावे लागते. पण मालकाला खोदाईचा खर्च नको असतो, असे ते कितीतरी वेळ सांगत राहिले. तोवर जवळजवळ गप्प असलेला तो माणूस आपल्या कामाविषयी बोलताना निराळाच दिसत होता. मी त्यांना एवढेच सांगितले की, किती खोल खोदायचे हे माती तपासून आकड्यांत सांगणे आणि मालकाला ते लेखी देणे, हे त्या विषयात शिकवतात. त्यानंतर त्यांनी कॉम्प्युटरचे नाव काढले नाही. मामांचे समाधान झाले नव्हते, आणि त्यांची भीतीही अगदीच खोटी नव्हती: सिव्हिलमध्ये सुरुवातीचे पगार बऱ्याचदा कमी असतात आणि साइटवरच्या कामात मुलींना अडचणी येतात. मी ते मान्य केले.

मग पैशांचा हिशेब झाला. मामांच्या मनात पुण्याजवळच्या एका खासगी विद्यापीठातला थेट प्रवेशही होता. २०२४-२५पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील इतर मागास वर्ग, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास (एसईबीसी) आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक (ईडब्ल्यूएस) यांतल्या मुलींचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क शासन पूर्ण भरते. पण त्यासाठी प्रवेश कॅपमधून व्हावा लागतो आणि खासगी विद्यापीठे या योजनेबाहेर आहेत, हे त्यांना ठाऊक नव्हते. शहरातली खोली आणि मेस यांचा खर्च तर या योजनेत कुठेच येत नाही. हे ऐकल्यावर थेट प्रवेशाचा विषय तिथेच मिटला.

फॉर्म पुन्हा भरायला बसलो, तेव्हा पहिल्या ओळीवर पुण्याच्या सीओईपी या जुन्या अभियांत्रिकी संस्थेचे सिव्हिल लिहिले. “ते कुठलं मिळतंय,” असे वडील म्हणाले, पण वर लिहिल्याने काही बिघडत नाही हे मुलीला आता समजले होते. १८५४ साली सार्वजनिक बांधकामांसाठी माणसे तयार करायला निघालेली ती संस्था, तिथे सिव्हिल मागणाऱ्या मुलीला मान खाली घालण्याचे काही कारण नाही, असे मी मामांना ऐकवून घेतले. दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीसाठी सांगलीचे वालचंद, कराडचे शासकीय महाविद्यालय आणि नांदेडचे श्री गुरू गोबिंदसिंगजी यांच्यात बराच वेळ गेला. तिने सांगली दुसरी आणि नांदेड तिसरे ठेवले. नांदेडहून सणावाराला घरी येता येईल, हे तिचे कारण मला पुरेसे वाटले. त्याखाली कराड, छत्रपती संभाजीनगर आणि पुढे बरीच मोठी यादी. साइट संथ चालली होती, तरी मुदतीच्या आत तिच्या मोबाइलवरचा ओटीपी टाकून फॉर्म कन्फर्म झाला.

दुसऱ्या फेरीत तिला नांदेड मिळाले आणि नियमानुसार ती जागा गोठली. प्रवेश पक्का करून आल्यावर शुल्काच्या योजनेसाठी शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावरचा अर्ज भरायला ती एकटीच कक्षात आली. आधारशी जोडलेले खाते वडिलांच्या नावावर निघाले आणि योजनेची रक्कम विद्यार्थिनीच्याच खात्यात जमा होते; म्हणून अर्ज अर्धवट ठेवून मी तिला आधी बँकेत स्वतःचे खाते उघडायला पाठवले.