डोनेगलला जाताना सीमा कुठे कुठे आडवी येते

डब्लिनहून डोनेगल परगण्यातल्या लेटरकेनीला मधल्या रस्त्याने साडेतीन-चार तास लागतात. डोनेगल आयर्लंड प्रजासत्ताकातच आहे, पण हा जवळचा रस्ता उत्तर आयर्लंडमधून, म्हणजे यूकेतून जातो. आम्हाला नऊ लागले. सप्टेंबर २०२५ ची गोष्ट. भारतीय पासपोर्टवर डोनेगलला जाणार असाल तर गाडी बुक करायच्या आधी हे वाचा.

"सीमेवर कोणी नसतं, खुशाल जा," असं पुण्यातल्या एजंटने सांगितलं होतं. डब्लिनला गाडी भाड्याने देणाऱ्यानेही तेच सांगितलं आणि सीमेपलीकडच्या विम्याचे म्हणून ४० युरो वर लावले. कोणी नसतं हे खरं आहे. फाटक नाही, चौकी नाही, साधी स्वागताची पाटीही बहुतेक ठिकाणी नाही. पण ब्रेक्झिटच्या बातम्यांत जी 'सीमा खुली राहिली' ती मालासाठी आणि आयरिश-ब्रिटिश नागरिकांसाठी. आपल्याला व्हिजा आधीही लागत होता, आताही लागतो.

माझ्या आणि बायकोच्या आयरिश व्हिजावर शेऱ्याच्या जागी 'बीआयव्हीएस' अशी अक्षरं होती. ही ब्रिटन आणि आयर्लंडची सामाईक योजना, भारतीयांसाठी २०१५ पासून. ती अक्षरं असतील तर आयर्लंडमध्ये आधी उतरून पुढे बेलफास्टला, म्हणजे यूकेत, जाता येतं. स्टिकर हातात आल्याबरोबर ती शोधा, विमानतळावर नको. गाडी चालवणारा माझा मावसभाऊ मात्र चार वर्षं डब्लिनमध्ये नोकरी करतोय. त्याच्याकडे आयर्लंडचं निवासी कार्ड आहे आणि त्या कार्डावर उत्तर आयर्लंडमध्ये पाऊल टाकता येत नाही, त्याला यूकेचा वेगळा व्हिजा लागतो. पाहुण्यांना मुभा आणि तिथे राहणाऱ्याला नाही, हे आम्हाला कळलं मोनाहन ओलांडून एमिव्हेलला चहाला थांबलो तेव्हा. त्याच्या ऑफिसातल्या मित्राने फोनवर सांगितलं. पुढे काही मैलांवर टायरोन परगणा, म्हणजे यूके. फोनवरचा नकाशा आम्हाला ऑघ्नाक्लॉय, ओमा, स्ट्रबेन असा बिनदिक्कत नेत होता. डब्लिन-लेटरकेनी थेट बसही त्याच वाटेने जाते, तेव्हा बसचं तिकीट काढलंत म्हणजे सुटलात असं नाही.

मागे फिरलो. खरा त्रास इथून सुरू झाला.

मोनाहनहून कॅव्हन गाठायचं आणि तिथून पश्चिमेला जायचं असं ठरलं. नकाशाने क्लोन्सवरून एन-५४ दाखवला, सरळ, रुंद, रिकामा. क्लोन्स सोडून पाच-सात मिनिटं झाली असतील. भावाने वेग कमी केला आणि म्हणाला, "दादा, रेघ बघ." आयर्लंडमध्ये रस्त्याच्या कडेला तुटक पिवळी रेघ असते. ती पांढरी झाली होती. रस्ता तोच, डांबर मात्र वेगळ्या रंगाचं, कुंपणापलीकडे गाई. आम्ही फर्माना परगण्यात, म्हणजे यूकेत होतो. हा एकच रस्ता दहाएक किलोमीटरमध्ये चार वेळा सीमा ओलांडतो, आणि त्याचं नावही एन-५४, ए-३, परत एन-५४ असं बदलत राहतं. भावाचे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले होते. त्याचं वर्क परमिट नूतनीकरणाला होतं. एका शेताच्या फाटकापाशी गाडी वळवून परत क्लोन्सला आलो तोवर कोणी बोललं नाही.

माझं स्पष्ट मत: यूकेचा व्हिजा नसलेला एक जरी माणूस गाडीत असेल तर एन-५४ च्या वाटेला जाऊ नका. क्लोन्सहून न्यूब्लिस, कूटहिल करत कॅव्हन गाठा. रस्ता अरुंद आहे, ट्रॅक्टर आडवे येतात, पण तो आयर्लंडमध्येच राहतो. त्याहून बरं म्हणजे डब्लिनहूनच एन-४ ने स्लायगो, मग बंडोरन, बॅलिशॅनन, डोनेगल गाव आणि लेटरकेनी. ऐंशीएक किलोमीटर जास्त पडतात. डोनेगल उरलेल्या प्रजासत्ताकाला फक्त लीट्रमजवळच्या चिंचोळ्या पट्टीने जोडलेलं आहे, यूकेत न शिरता जायला दुसरी वाट नाही.

तपासणी होत नाही यावर विसंबू नका. बेलफास्टहून परतताना डंडॉकजवळ आमच्या बसमध्ये पोलीस चढले आणि पासपोर्ट बघून गेले.

बेलफास्टचे दोन दिवस छान गेले, ट्रेनने गेलो, त्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. दुकानातल्या दुधाच्या डब्यावर 'नॉट फॉर ईयू' (युरोपीय संघासाठी नाही) छापलेलं होतं, तेवढं मी फोटो काढून ठेवलंय. ब्रेक्झिटनंतर जमिनीवरच्या सीमेवर मालाची तपासणी नको म्हणून ती समुद्रात ढकलली, त्याची ही खूण. ब्रिटनहून येणारा माल बेलफास्ट आणि लार्नच्या बंदरात तपासतात. हे असं का केलं ते सीमेजवळच्या न्यूरीवरून जाताना समजतं. १९७२ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या कस्टम्सच्या ठाण्यात बॉम्ब फुटून नऊ माणसं गेली. २०१८ मध्ये आयर्लंडचे तेव्हाचे पंतप्रधान लिओ वराडकरांनी त्या बातमीचं वर्तमानपत्र ब्रसेल्सला नेऊन युरोपच्या नेत्यांपुढे ठेवलं होतं. वराडकरांचे वडील मुंबईचे, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. आपल्याकडचं आडनाव असलेल्या माणसाने ही सीमा बिनफाटकाची राहावी म्हणून एवढं केलं, याचा मला मनापासून अभिमान वाटला.

ब्रेक्झिटने खरोखर बदललं ते युरोपीय पासपोर्टवाल्यांचं. बायकोची मडगावची मैत्रीण पोर्तुगीज पासपोर्टवर लिस्बनहून आली होती. पूर्वी उत्तरेत जायला तिला नुसतं ओळखपत्र चाललं असतं. आता पासपोर्ट हवा आणि एप्रिल २०२५ पासून ईटीए नावाची यूकेची ऑनलाइन प्रवास परवानगीही; आम्ही गेलो तेव्हा तिचे १६ पौंड पडत होते. आयर्लंडमध्ये राहणाऱ्या युरोपीयांना ईटीएची सूट आहे, बाहेरून येणाऱ्यांना नाही. तिने फोनवरून अर्ज केला, त्याच दिवशी परवानगी आली.

पैशांचं: उत्तरेत कार्डाचं मशीन 'युरो की पौंड' विचारतं, पौंडच निवडा. बेलफास्टच्या बँकांच्या नोटा तिथेच संपवा, भारतात कोणी घेत नाही. फोनचं रोमिंग पॅक आयर्लंडपुरतंच असेल तर सीमेजवळ नेटवर्क हाताने निवडा, नाहीतर पलीकडचा टॉवर पकडतो.

शेवटच्या दिवशी लिफर्डला गेलो. नदीवर पूल आहे, अलीकडे डोनेगल, पलीकडे यूकेतलं स्ट्रबेन. शाळा सुटलेली पोरं गणवेशात, चिप्स खात या बाजूहून त्या बाजूला चालत गेली. भाऊ पुलाच्या अलीकडे कठड्याला टेकून उभा होता. आम्ही दोघं पलीकडे जाऊन त्याच्यासाठी कॉफी घेऊन आलो. डब्लिनला पोचल्यावर त्याने त्याच रात्री यूकेच्या व्हिजाचा अर्ज भरायला घेतला.