लेमीवर जायचं तरी कुठे?

‘लेमीवर खातं काढलं, पण उघडावं तेव्हा अमेरिकेचं राजकारण, लिनक्स आणि मीम. तुम्हाला त्या घुबडांच्या, कुंड्यांच्या गप्पा सापडतात कुठे?’ हा प्रश्न ओळखीतल्या इतक्या जणांनी विचारलाय की एकदाच नीट लिहून टाकते.

ज्यांना लेमी ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. बाज रेडिटचा, म्हणजे विषयवार गप्पांच्या कट्ट्यांचा (त्यांनाच इथे कम्युनिटी म्हणतात), पण मालक एक नाही. कुणीही आपला सर्व्हर चालवावा, त्यावर कम्युनिट्या असाव्यात, आणि एका सर्व्हरवरच्या माणसाला दुसऱ्या सर्व्हरवरच्या कम्युनिटीत बोलता यावं, अशी ही व्यवस्था. सॉफ्टवेअर २०१९ पासून आहे, खरी गर्दी झाली जून २०२३ मध्ये. रेडिटने बाहेरच्या ॲप्सकडे एपीआयसाठी, म्हणजे रेडिटवरचा मजकूर त्या ॲपमध्ये दाखवू देण्यासाठी, भरमसाट पैसे मागितले आणि वैतागलेली मंडळी इकडे आली.

आता मुद्दा. लेमीवरच्या ‘ऑल’ या फीडच्या नावावर जाऊ नका. तुमच्या सर्व्हरवरच्या निदान एका माणसाने जी कम्युनिटी सबस्क्राइब केली असेल, तेवढीच तिथे दिसते. सर्व्हर लहान असेल तर निम्मं जग तुमच्यापर्यंत आलेलंच नसतं. अशा वेळी कम्युनिटीचा पूर्ण पत्ता, म्हणजे उद्गारचिन्ह, नाव, ॲट आणि सर्व्हर, तुमच्याच सर्च बॉक्समध्ये टाकायचा. पहिल्यांदा पान उघडतं ते जवळजवळ रिकामं. जुन्या थोड्या पोस्ट येतात, त्यांच्याखालच्या कमेंट बहुधा येतच नाहीत. तुम्ही सबस्क्राइब केलंत की तिथून पुढचं सगळं यायला लागतं. पण ते रिकामं पान बघूनच लोक ‘इथे कुणी नाही’ म्हणून माघारी फिरतात. तीच कम्युनिटी ब्राउझरमध्ये तिच्या मूळ सर्व्हरवर उघडून बघा, खरा माहोल तिथे कळतो.

पत्ते मिळवायला लेमीव्हर्स डॉट नेटवर सगळ्या सर्व्हरांच्या कम्युनिट्यांची एकत्र यादी आहे. लेमी.वर्ल्ड या मोठ्या सर्व्हरवर ‘न्यू कम्युनिटीज’ नावाची कम्युनिटी आहे, तिथे नवी माणसं आपापल्या जागांची जाहिरात करतात. या दोन्हींनी पत्ता मिळतो, माणसं कशी आहेत ते कळत नाही. आणि सबस्क्रायबरचा आकडा तर बघूच नका. २०२३ च्या लाटेत लोकांनी रेडिटवरची नावं जशीच्या तशी उचलून ढिगाने कम्युनिट्या काढल्या आणि महिन्याभरात पांगले. आकडे तसेच राहिले. बाजूच्या पट्टीत ‘यूजर्स पर मंथ’ असं असतं, ते बघा. त्याहून बरं म्हणजे चार पोस्ट उघडून कमेंट वाचा. नवख्याच्या बावळट प्रश्नाला कुणी सरळ उत्तर दिलंय का? दिलं असेल तर आकडा कितीही लहान असो, मी बसते.

आणखी एक गोष्ट मी हमखास बघते, ती म्हणजे मॉडलॉग. लेमीवर मॉडरेटरने काय उडवलं, कुणाला बंदी घातली, कारण काय दिलं, याची नोंद सगळ्यांना उघडी असते. पानाच्या तळाशी दुवा असतो, फारसं कुणी तिकडे फिरकत नाही. जाहिराती आणि शिवीगाळ उडवलेली दिसली तर घर झाडलं जातंय असं समजायचं. नुसतीच मतं उडवलेली दिसली, किंवा कारणाच्या जागी टोमणे दिसले, तर मी बाहेरूनच नमस्कार करते.

घुबडांची जागा मला सर्चमधून सापडलीच नाही, सापडणारही नव्हती. तिचं नाव आहे ‘सुपरबोल’. अमेरिकेतल्या फुटबॉलच्या त्या मोठ्या सामन्याचं नाव, पण इंग्रजी अक्षरं जरा सरकवून तोडली की ‘सुपर्ब आउल’ होतं, म्हणून तिथे फक्त घुबडं. पक्ष्यांच्या एका चर्चेत एकाने फार नेमकी कमेंट केली होती. त्याच्या नावावर टिचकी मारली, तर प्रोफाइलमध्ये त्याच्या सगळ्या कमेंट एकाखाली एक. त्यातल्या निम्म्या या घुबडांच्या दारात. मला वाटतं, चांगली जागा शोधायची हीच पद्धत सगळ्यात कामाची आहे: विषय सोडा, शहाणं बोलणारा माणूस धरा आणि तो कुठे कुठे उठबस करतो ते बघा.

तिथे मी आमच्या रानपिंगळ्याची, म्हणजे एका दुर्मीळ छोट्या घुबडाची, गोष्ट सांगितली होती. १८८४ नंतर हा पक्षी कुणाला खात्रीने दिसलाच नव्हता. मायनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने आपण तो १९१४ साली गुजरातेत टिपल्याचा दावा केला होता, त्यामुळे शोधणारे भलत्याच ठिकाणी शोधत राहिले. तो नमुना संग्रहालयातून चोरून, नवी चिठ्ठी लावून ठेवलेला निघाला. ही लबाडी उघडकीला आणणाऱ्या पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी मग जुन्या, खऱ्या नोंदींच्या जागा धरल्या आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये त्यांना आणि त्यांच्या दोन सोबत्यांना रानपिंगळा दिसला तो आपल्या नंदुरबार जिल्ह्यात, शहाद्याजवळ. एवढं लिहिल्यावर परक्या देशांतल्या लोकांनी काय काय विचारलं! दिवसाढवळ्या कसा फिरतो, साध्या पिंगळ्याहून वेगळा कसा ओळखायचा, जंगल शिल्लक आहे का. मोठ्या फीडवर ही पोस्ट दहा मिनिटांत गाडली गेली असती.

फीडवरून आठवलं. क्रम लावायच्या पर्यायांत ‘स्केल्ड’ असतो, तो निवडा. त्यात लहान कम्युनिट्यांच्या पोस्ट वर येतात. ‘ॲक्टिव्ह’वर ठेवलंत तर पुन्हा अमेरिकेचं राजकारणच.

सर्व्हर कोणता घ्यावा यावर लोक उगाच डोकेफोड करतात, पण एक पान जरूर बघा. प्रत्येक सर्व्हर कुणाशी जोडलेला आहे आणि कुणाला त्याने तोडलंय, याची यादी तळाच्या ‘इन्स्टन्सेस’मध्ये असते. जून २०२३ मध्ये बीहॉ या सर्व्हरने लेमी.वर्ल्डशी संबंध तोडले, कारण तिकडून येणारा लोंढा त्यांच्या मोजक्या मॉडरेटरांना आवरेना. मला त्यांचं पटतं, पण त्या दिवसापासून या दोन सर्व्हरांवरच्यांना एकमेकांचं नवीन काही दिसेना, हेही खरं. सर्व्हर बंदही पडतात. लेम.ईई (lemm.ee) हा भलामोठा सर्व्हर २०२५ च्या जूनअखेर बंद झाला आणि त्यावरच्या कम्युनिट्यांना बिऱ्हाड हलवावं लागलं. म्हणून आवडत्या जागा एकाच सर्व्हरवर नकोत.

शेवटचा प्रश्न नेहमी हाच: मराठीत काही आहे का? लेमीवर मराठी वस्ती विरळ आहे. मॅस्टोडॉनवर (ते ट्विटरसारखं, पण असंच अनेक सर्व्हरांवर चालणारं) थोडं बरं, कारण तिथे हॅशटॅगच फॉलो करता येतो, माणसं आधी माहीत असायची गरज नाही. पोस्ट टाकताना भाषा ‘मराठी’ निवडा म्हणजे भाषेवरून गाळणाऱ्यांना ती दिसते. लेमीच्या सेटिंगमध्ये मात्र नुसती मराठी निवडून थांबू नका, ‘अनडिटरमाइन्ड’ही निवडलेलं असू द्या. बहुतेक लोक पोस्टला भाषा लावतच नाहीत, आणि ते निवडलेलं नसेल तर सगळं फीड गायब होतं.

मराठी कम्युनिटी काढायचीच असेल तर एकट्याने काढू नका. नेमाने लिहिणारे दोघे-तिघे आधी जमवा, काही आठवडे आपसातच लिहा, मग जाहिरात करा. ओस पडलेल्या अंगणात पहिलं पाऊल टाकायला कुणी धजत नाही. आणि पक्ष्यांची काढणार असाल तर मला जरूर कळवा. साध्या पिंगळ्याचे फोटो माझ्याकडे पुष्कळ आहेत, फक्त बहुतेकांत तो पाठमोरा बसलेला आहे.