प्रश्न कुणाला, कधी आणि किती शब्दांत

सोलापुरात पाण्यावर, शाळांवर, झाडांवर पोटतिडकीने बोलणाऱ्यांची कमी नाही. मार्च उजाडला आणि उजनी धरणाची टक्केवारी उतरू लागली की चहाच्या टपरीपासून नगरसेवकाच्या ऑफिसपर्यंत दुसरा विषय नसतो. तरीही यातले फार थोडे बोलणे निर्णयापर्यंत पोचते. निर्णय कोणत्या टेबलावर होतो, हरकतीची मुदत कधी संपते आणि आकडा कोणत्या एककात मांडायचा, या तीन गोष्टी चर्चेत सहसा नसतात. त्या आल्या की समोरच्याला उत्तर टाळणे जड जाते.

सुरुवात उजनीपासून. धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यात ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठा आणि ६३.६६ टीएमसी मृतसाठा. रोज छापून येणारी टक्केवारी फक्त उपयुक्त साठ्याची असते. त्यामुळे ‘उजनी शून्यावर’ म्हणजे धरण कोरडे नव्हे, आणि ‘उणे २० टक्के’ म्हणजे मृतसाठ्यातले १०.७ टीएमसी वापरून झाले, सुमारे ५३ टीएमसी अजून आहे. अर्थात ते सगळे वापरता येत नाही. तळाशी गाळ आहे, आणि पातळी खाली गेली की पंपांना पाणी घेण्यासाठी दुबार, तिबार उपसा करावा लागतो, म्हणजे दोन-तीन टप्प्यांत पाणी उचलून पंपांपर्यंत आणावे लागते. म्हणून ‘धरणात किती टक्के आहे?’ विचारण्यापेक्षा ‘कोणत्या पातळीपर्यंत आपले पंप पाणी घेऊ शकतात, आणि त्याखाली गेल्यास तिबार उपशाची तयारी कोणत्या तारखेपर्यंत होईल?’ हे विचारलेले बरे. हा प्रश्न फेब्रुवारीत विचारायचा असतो. मेमध्ये विचारला तर तातडीच्या खर्चाला मंजुरी देण्यापलीकडे काही उरत नाही.

शहराला पाणी मुख्यतः तीन वाटांनी येते. उजनीतून थेट जलवाहिनीने पाकणीच्या जलशुद्धीकरण केंद्रात, भीमा नदीतून औज-चिंचपूर बंधाऱ्यांत साठवून टाकळीहून सोरेगावला, आणि हिप्परगा म्हणजे एकरुख तलावातून. यातली नदीची वाट सर्वांत महाग पडते. बंधारे भरण्यासाठी उजनीतून एका आवर्तनात, म्हणजे पाणी सोडण्याच्या एका फेरीत, पाच-सहा टीएमसी सोडावे लागते, असे प्रशासनाच्याच निवेदनांत दरवेळी येते. आता गणित करा. १ टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. उजनीहून टाकलेल्या दुसऱ्या, समांतर जलवाहिनीची क्षमता १७० एमएलडी (दशलक्ष लिटर दररोज), म्हणजे रोज १७ कोटी लिटर. वर्षभर अखंड चालली तरी ६,२०५ कोटी लिटर, म्हणजे जेमतेम २.२ टीएमसी. एका आवर्तनापेक्षाही कमी.

हे गणित मांडून ‘नदीतून पाणी सोडणे ही निव्वळ नासाडी’ असे म्हणणारे मात्र अर्धेच बोलतात. नदीकाठच्या मोहोळ, पंढरपूर, मंगळवेढा भागातला शेतकरी याच आवर्तनावर मोटारी चालवतो, काठच्या पाणी योजनाही यावर जगतात. शहराचे आवर्तन थांबले तर त्यांच्या वाट्याचे पाणी कोणत्या नावाखाली आणि कोणत्या महिन्यात सुटणार, हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत आधी ठरायला हवे. शहर विरुद्ध गाव असा वाद पेटवण्यापेक्षा दोघांनी मिळून हे लेखी मागावे.

आता ‘चार-पाच दिवसांआड पाणी का?’ हा प्रश्न. याचे सगळे उत्तर धरणात नाही. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ९,५१,५५८ होती. माणशी १३५ लिटरचा मापदंड लावला तर रोजची गरज १२८ एमएलडी होते. लोकसंख्या तेव्हापासून वाढली आहे, तरी फरक पाचपट नाही. पाणी अडते ते पुढे: पंपांचा वीजपुरवठा, गळक्या जलवाहिन्या, जलकुंभांची क्षमता, आणि एका टाकीवर किती भाग टाकले आहेत यात. म्हणून सुटे प्रश्न विचारावे लागतात. आपल्या भागाचा जलकुंभ कोणता? त्याची क्षमता किती लाख लिटर? तो दिवसातून किती वेळा भरतो? त्यावर किती झडपा, आणि प्रत्येक झडप किती वेळ उघडी असते? चावीवाला या वेळा नोंदवहीत लिहितो. ती नोंदवहीच मागायची.

घाण पाण्याचे मूळही याच आडदिवसांच्या पुरवठ्यात आहे. मधले दिवस वाहिनी रिकामी असते. गटाराशेजारच्या गळक्या जोडातून सांडपाणी आत झिरपते, आणि पाणी सुटले की ते सर्वांत आधी आपल्या नळाला येते. त्यात कुणी नळाला थेट मोटार लावली की वाहिनीत ओढ निर्माण होते आणि बाहेरची घाण आणखी खेचली जाते. पहिली दहा-पंधरा मिनिटे पिण्यासाठी पाणी भरू नये, ही काळजी घरापुरती. तक्रार करायची तर नमुना नीट घ्यायला हवा. गच्चीवरच्या टाकीचे पाणी नेले तर ‘दोष तुमच्या टाकीचा’ म्हणून विषय तिथेच मिटतो. नमुना थेट महापालिकेच्या जोडणीच्या नळाचाच असावा. तोंड स्वच्छ करून दोन-तीन मिनिटे पाणी वाहू द्यावे, प्रयोगशाळेने दिलेल्या निर्जंतुक बाटलीतच भरावे (ती विसळू नये, आतले औषध क्लोरीनचा परिणाम थांबवण्यासाठी असते), बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवावे. बाटलीवर तारीख, वेळ, पत्ता लिहावा. क्लोरीनची चाचणी जागेवरच होते. नळाच्या पाण्यात उर्वरित क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असायला हवे. ते शून्य निघाले तर त्याची लेखी नोंद करायला लावावी.

नोंदी मागण्याचे साधन म्हणजे माहिती अधिकार, आणि तो वापरताना बहुतेक अर्ज एकाच ठिकाणी फसतात. ‘आमच्या भागात पाणी का येत नाही?’ असे विचारले की ‘प्रश्नार्थक माहिती देता येत नाही’ असे उत्तर येते. ‘का’ विचारायचे नाही, कागद मागायचा. उदाहरणार्थ: ‘अमुक जलकुंभावरील झडपा उघडण्या-बंद करण्याच्या वेळांची १ ते ३१ मार्च या कालावधीतील नोंदवही, साक्षांकित प्रत.’ महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, तेव्हा पाणी, रस्ता, कचरा एकत्र कोंबू नका. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा, उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आले नाही किंवा अपुरे आले तर ३० दिवसांत पहिले अपील, २० रुपये. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. पहिल्या अपिलाची तारीख चुकली की महिन्याचे कष्ट पाण्यात जातात, म्हणून अर्ज देतानाच ती कॅलेंडरवर लिहून ठेवावी. प्रतींआधी फाइल डोळ्यांखाली घालायची असेल तर सोमवारी दुपारी ३ ते ५ ही वेळ अभिलेख पाहण्यासाठी ठेवण्याचे राज्य सरकारचे निर्देश आहेत. फाइलमधल्या टिपण्या वाचल्या की नेमकी कोणती प्रत मागायची ते कळते.

झाडांच्या बाबतीत हरकतीची मुदत फारच तोकडी, सात दिवस. शहरातली झाडे १९७५च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली येतात. तोडीची सूचना वर्तमानपत्रात येते आणि झाडावरही चिकटवली जाते. चौपदरीकरणात चिंचा, लिंब, वड एका रांगेत जातात आणि लोकांना कळते ते करवत लागल्यावर. हरकतीत ‘झाडे वाचवा’ इतकेच लिहिले तर ती एका ओळीत निकाली निघते. झाडाचा क्रमांक, जात, जमिनीपासून साडेचार फुटांवर मोजलेला घेर आणि फोटो जोडावा. रस्त्याची आखणी दोन-तीन मीटर सरकवून किंवा झाड दुभाजकात घेऊन काम होते का, याचा साधा नकाशा द्यावा. ५० वर्षांहून जुने झाड असेल तर २०२१च्या दुरुस्तीनुसार ते वारसा वृक्ष ठरते. त्याच दुरुस्तीने भरपाईचेही माप घातले आहे: तोडलेल्या झाडाचे वय जितके, तितकी रोपे. तेव्हा वयाचा अंदाज कुणी आणि कसा काढला, हे विचारणे फार महत्त्वाचे. चिंचेचे वय निम्मे दाखवले की रोपेही निम्मी होतात.

रोपे कुठे लावणार, हाही हरकतीचाच भाग. सोलापूर अवर्षणप्रवण पट्ट्यात येते. मुरमाड टेकाडावर जुलैत लावलेले रोप पहिल्या उन्हाळ्यातच जळते, जर टँकरच्या फेऱ्यांची तरतूद अंदाजपत्रकात नसेल. आणि कृपा करून ही भरपाई माळरानावर नेऊ नका. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ साली झाले ते गवताळ माळासाठी. काळवीट, लांडगा, माळढोक यांना मोकळे गवत लागते. तिथे गिरिपुष्प लावून हिरवळ दाखवणे म्हणजे त्यांचे घर मोडणे. या अभयारण्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटरवरून १,२२२ वर आणले गेले. खासगी जमिनींवरच्या निर्बंधांमुळे शेतकऱ्यांची झालेली कोंडी खरी होती, पण माळ म्हणजे पडीक जमीन हा सरकारी समज मात्र तसाच राहिला. तो बदलणे हे शाळेच्या सहलींपासून सुरू होऊ शकते.

साखर कारखान्यांची विस्तारवाढ, डिस्टिलरी, सहवीजनिर्मिती यांच्या पर्यावरणीय जनसुनावण्या आपल्या जिल्ह्याला नव्या नाहीत. इथे लोक एक मोठी चूक करतात: बहिष्कार घालून उठून जातात. २००६च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेत जनसुनावणीला गणसंख्येची अटच नाही. तुम्ही उठलात तरी ती झाली असे धरले जाते, आणि तुमचे म्हणणे इतिवृत्तात नसते. सूचना किमान ३० दिवस आधी निघते. त्या काळात प्रकल्पाचा पर्यावरणीय परिणाम अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पाहायला ठेवलेला असतो. त्यातली तीन पाने आधी वाचा: पाण्याचा ताळेबंद, स्पेंटवॉशची (डिस्टिलरीच्या सांडपाण्याची) विल्हेवाट, आणि आसपासच्या विहिरींच्या नमुन्यांचा तक्ता. आपल्या गावची विहीर तक्त्यात नसेल तर नेमके तेच बोला, आणि लेखीही द्या. शेवटी मांडलेले मुद्दे मराठीत वाचून दाखवायचे असतात. ते ऐकेपर्यंत खुर्ची सोडू नये. आपला मुद्दा गाळला गेला असेल तर तिथेच हात वर करावा.

शाळांसाठी हत्यार जवळच आहे, वापरात मात्र नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार अनुदानित आणि सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ९०पर्यंत तीन, असे प्रमाणही ठरलेले आहे. महापालिकेच्या शाळा मराठीबरोबर उर्दू, कन्नड, तेलुगू माध्यमांतही आहेत. पण बैठकीची सूचना आईला वाचता येणाऱ्या भाषेत निघते का? बैठक सकाळी ठेवली तर वळलेल्या विड्या कारखान्यात जमा करायला गेलेल्या बाईने यायचे कसे? शहराच्या पूर्वभागात समिती कागदावर भरलेली आणि खोली रिकामी असेल तर त्याचे कारण बऱ्याचदा इतके साधे असते. संध्याकाळी सहाची वेळ आणि दोन भाषांतली चिठ्ठी, एवढी मागणी पहिल्याच बैठकीत करावी. पट कमी म्हणून शाळा जोडण्याचा विषय निघाला तर समितीचा लेखी ठराव हवा, आणि त्यात नव्या शाळेपर्यंतचे चालत अंतर मीटरमध्ये हवे. प्राथमिकसाठी १ किलोमीटर हा निकष आहे. अंतर मोजताना मधला रेल्वे रूळ, नाला किंवा महामार्ग कुठे ओलांडायचा तेही लिहा.

मार्च २०२२ ते जानेवारी २०२६ महापालिकेत सभागृह नव्हते, सगळे निर्णय प्रशासकाच्या सहीने झाले. त्या काळात नगरसेवकामार्फत सभागृहात विषय मांडायची वाट बंद होती. आता १०२ जागांचे सभागृह आहे, तर त्याचा वापर व्हावा. प्रभागात एकाहून जास्त नगरसेवक असतात. पत्र प्रत्येकाला वेगळे द्या, एकालाच दिले तर ते दुसऱ्यावर ढकलले जाते. पत्र एका पानाचे असावे: वर मागणी, खाली आकडा, सोबत माहिती अधिकारात मिळालेली नोंदवहीची प्रत. हाच विषय सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घेण्याची स्पष्ट विनंती त्यात करावी. तिथे दाद लागली नाही तर महिन्याच्या पहिल्या सोमवारचा लोकशाही दिन आहे. त्यासाठी अर्ज विहित नमुन्यात १५ दिवस आधी द्यावा लागतो, आणि न्यायप्रविष्ट किंवा अपिलातली बाब तिथे घेत नाहीत. प्रत्येक कागदाच्या दोन प्रती न्या. एकीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका, कारण उत्तराची मुदत त्या शिक्क्यापासूनच मोजली जाते.