‘जड’ या शब्दासाठी

बरीच वर्षं मी दंतकथांमधल्या प्राण्यांवर लिहिते आहे. पत्रकार असून हे कशाला, असं जवळची माणसंही विचारतात. त्यांना मी १९२१ सालची गोष्ट सांगते.

त्या वर्षी एव्हरेस्टची पाहणी करायला चार्ल्स हॉवर्ड-बरी यांची मोहीम गेली होती. ल्हाक्पा ला खिंडीच्या बाजूला बर्फात मोठाले ठसे दिसले. लांडग्याचे असावेत, असं हॉवर्ड-बरींचं मत पडलं. बरोबरच्या हमालांनी मात्र ‘मेतोह-कांगमी’ असं नाव घेतलं. पुढे कलकत्त्याच्या ‘द स्टेट्समन’मध्ये लिहिणारे हेन्री न्यूमन त्या हमालांशी बोलले. ‘मेतोह’ म्हणजे ‘घाणेरडा’ असं त्यांनी धरलं, आणि तेवढ्यावरही न थांबता छापलं ‘अ‍ॅबॉमिनेबल स्नोमॅन’. किळसवाणा हिममानव! ‘मेतोह’चा अर्थ अस्वल-माणसाच्या जवळ जाणारा होता. सांगणाऱ्यांनी अस्वलाच्या जातकुळीतलं काहीतरी सांगितलं आणि वाचणाऱ्यांच्या घरात राक्षस पोहोचला.

२०१७ साली यतीचे, म्हणजे याच हिममानवाचे, म्हणून जपून ठेवलेले हाडं, केस, कातडी असे ९ नमुने डीएनएसाठी तपासले गेले. ८ अस्वलांचे निघाले, १ कुत्र्याचा. त्या हमालांचं म्हणणं कोणी नीट ऐकून घेतलं असतं तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

सगळीकडे असंच झालं असंही नाही. १९५८ मध्ये कॅलिफोर्नियात रस्त्याच्या कामावरचे मजूर मोठाले ठसे उमटवणाऱ्या ज्या अज्ञात प्राण्याला ‘बिग फूट’ म्हणत होते, त्याचं ते नाव ‘हम्बोल्ट टाइम्स’ने जवळपास तसंच उचललं. ते ठसे लाकडी पावलांचे होते असं त्या कामाचे कंत्राटदार रे वॉलेस यांच्या २००२ मधल्या मृत्यूनंतर त्यांच्या घरच्यांनी सांगितलं, तो भाग वेगळा. शब्द तरी मजुरांचाच राहिला.

न्यूमनसारखी चूक माझ्याही हातून झाली आहे. सरोवरावर जन्मभर नाव चालवलेल्या एका आजोबांना मी भेटले होते. एका पहाटे मधोमध असताना काय झालं, ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. “वल्हं उचलेना. पाणी जड झालं.” मी लिहिलं, ‘पाण्याखालून कसल्याशा अजस्र प्राण्याने वल्हं धरून ठेवलं.’ लेख छापून आला, लोकांना आवडला. कात्रण घेऊन मी त्यांच्याकडे गेले आणि वाचून दाखवलं. शेवटपर्यंत त्यांनी ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, “मी जड म्हणालो होतो, बाई.”

तेव्हापासून माझ्या वहीचं डावं पान सांगणाऱ्याचं. तिथे त्याचा शब्द, त्याच्या उच्चारात, अर्थ न लावता. प्राण्याचं नाव मी आधी कधीच उच्चारत नाही. ‘तुम्ही त्याला काय म्हणता?’ एवढंच विचारते आणि गप्प राहते. ही गप्प राहण्याची वेळ फार अवघड असते, पण खरं ते बहुतेक तिथेच मिळतं.

आजोबांना मी त्या दिवशी विचारलं, जड म्हणजे कसं? त्यांनी माझी उघडी वही मांडीवर ओढली, तिच्यावर तळहात ठेवला आणि सावकाश दाबत गेले. पानं वाकली, पेन घरंगळून खाली पडलं. हात त्यांनी बराच वेळ उचलला नाही.

“असं,” ते म्हणाले.