चिकूचा विमा

आज अख्खी दुपार चिकूच्या विम्याचे कागद वाचण्यात गेली. लॅब्राडोरचं पिल्लू, नुकतंच तीन महिन्यांचं झालंय. मी वाचत होते आणि तो टेबलाखाली माझ्या चपलेचा पट्टा चावत बसला होता.

हप्ता किती, हे सगळे आधी विचारतात. मी आधी 'कशाचे पैसे मिळणार नाहीत' ते पान काढलं. लॅब्राडोरमध्ये खुब्याच्या सांध्याचा दोष आनुवंशिक असतो, चालताना मागचा पाय ओढायला लागतात बिचारे. एका पॉलिसीत आनुवंशिक आजार सरळ वगळलेले, ती बाजूला ठेवली. दुसरी गोष्ट पार्व्होची, म्हणजे पिल्लांना होणाऱ्या एका विषाणूजन्य आजाराची. त्यात पिल्लाला उलट्या, रक्ताचे जुलाब होतात, सलाईन लावून दवाखान्यात ठेवावं लागतं आणि बिल भराभर वाढतं. पण लस वेळेवर दिली नसेल तर दावा नामंजूर! शिवाय पॉलिसी घेतल्यावर आजारपणासाठी प्रतीक्षा काळ असतोच, तेवढे दिवस आजाराचे पैसे मिळत नाहीत, म्हणजे पिल्लू आजारी पडल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

जिन्यात कुणाला चावला तर त्या माणसाची भरपाईही विम्यात असावी, असं मला मनापासून वाटतं. सोसायटीत लहान मुलं आहेत.

शेवटी हप्ता थोडा जास्त असलेली, पण आनुवंशिक आजार धरणारी पॉलिसी निवडली. उद्या अँटी-रेबीजची लस आहे. डॉक्टरांकडून लसीचं स्टिकर, तारीख आणि सही पुस्तिकेवर नीट घेणार, ओळखीसाठी कातडीखाली बसवतात त्या मायक्रोचिपचंही विचारणार. तुमच्यापैकी कुणी कुत्र्याच्या विम्याचा दावा केला असेल तर अनुभव जरूर सांगा.