ड्रमरला जरा वाजवू द्या

बेंजो पार्टीत ऑक्टोपॅड वाजवणाऱ्याला हिप-हॉपमधलं काय कळणार, असं ज्यांना वाटतं त्यांना आधीच सांगून टाकतो: शब्द मला निम्मेच कळतात. उरलेले भाचा समजावतो तेव्हा कळतात. पण हे सगळं संगीत ड्रमरच्या हातावर उभं आहे, हे मात्र मला कोणी समजवावं लागलं नाही. मिरवणुकीत लोक बेंजोवाल्याचे व्हिडिओ काढतात आणि आम्ही ट्रॉलीच्या मागच्या अंगाला घामाघूम. ज्याची जागा ही, त्याला ज्या संगीताने ड्रमरला उचलून पुढे आणलं त्याचं कौतुक वाटणारच. आणि पुढे आणून त्याचे पैसे बुडवले, याचा रागही येणार.

हिप-हॉपचा विषय निघाला की आमच्या ग्रुपवर कोणीतरी हमखास टाकतं, "यात नवीन काय? आपल्याकडे कलगीतुरा होता, सवाल-जवाब होते." होते ना. पण हिप-हॉप ज्यांनी घडवलं त्या न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागातल्या पोरांनी कलगीतुरा ऐकला नव्हता. त्यांच्या पाठीशी होतं ते जमैकाचं किंग्स्टन: रस्त्यावर रचलेले भलेमोठे स्पीकर आणि वाजत्या रेकॉर्डवर माइक घेऊन बोलणारा माणूस; या बोलण्याला तिकडे 'टोस्टिंग' म्हणतात. अमेरिकेतल्या काळ्या रेडिओ निवेदकांचं यमकात बोलणं होतं, चर्चमधली प्रवचनं होती, 'डझन्स' नावाचा एकमेकांची उणीदुणी काढायचा खेळ होता, कोंगाच्या ठेक्यावर कविता म्हणणारे 'लास्ट पोएट्स' होते. एवढं भरगच्च घराणं असताना आपण मध्येच जाऊन आजोबा म्हणून बसायचं कारण नाही.

गोष्ट सुरू होते ती ११ ऑगस्ट १९७३ला, न्यूयॉर्कमधल्या ब्रॉंक्समध्ये. १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीतला सार्वजनिक हॉल. सिंडी कॅम्पबेल या मुलीला शाळा सुरू व्हायच्या आधी नवे कपडे घ्यायचे होते, म्हणून तिने पार्टी ठेवली. मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. रेकॉर्ड लावायला भाऊ क्लाइव्ह, म्हणजेच डीजे कूल हर्क, जन्म किंग्स्टनचा. त्याच्या एक लक्षात आलं होतं. नाचणारी पोरं गाणं सुरू असताना नुसती उभी असतात आणि मधे बँड गप्प होऊन ड्रम-बोंगो उरले की अंगात आल्यासारखी नाचतात. तो तुकडा असतो काही सेकंदांचा. हर्कने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर लावल्या. एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवरचा सुरू, तोवर पहिली मागे फिरवून तयार. गाणं बाजूला राहिलं, ड्रमरचा तुकडा हेच गाणं झालं.

हर्कचा हात तसा ढोबळ होता, तुकडे नीट जुळायचे नाहीत. ते काम ग्रँडमास्टर फ्लॅशने केलं. तो रेकॉर्डवर क्रेयॉनने खूण करायचा, म्हणजे तुकडा कुठे सुरू होतो ते डोळ्यांना दिसायचं आणि उलटी किती फिरवायची ते मोजता यायचं. समेवर येण्याची काळजी ही अशी. त्याच वर्तुळातल्या ग्रँड विझार्ड थिओडोर या पोरसवदा डीजेने स्क्रॅच, म्हणजे रेकॉर्ड हाताने पुढे-मागे घासून काढायचा आवाज, शोधला. माइक घेणारे एमसी तेव्हा डीजेच्या जाहिरातीपुरते असत. १९७९ला 'रॅपर्स डिलाइट' हे रॅप गाणं आलं, धो धो चाललं, आणि तेव्हापासून माइकवाला पुढे नि डीजे मागे. आमच्याच गतीला गेला बिचारा.

आता ज्या हातांचे हे तुकडे होते, त्यांच्याकडे येतो.

फंक गायक जेम्स ब्राउनचं 'फंकी ड्रमर' २० नोव्हेंबर १९६९ला सिनसिनाटीत रेकॉर्ड झालं. ड्रमवर क्लाइड स्टबलफील्ड. बराच वेळ गाणं चालतं आणि मग ब्राउन सांगतो की आता ड्रमरला जरा वाजवू द्या. ड्रमरला वर बजावतो, सोलो वाजवायला जाऊ नकोस, जे चाललंय तेच चालू ठेव. बँड थांबतो. उरतो साधारण वीसेक सेकंदांचा ठेका. त्यात एक तोडा नाही, एक तिहाई नाही. हाय-हॅट, म्हणजे पायाने उघडझाप करायच्या झांजांची जोडी, मात्रेला चार अशी अखंड चालते, मधेच एखाद्या ठिकाणी किंचित उघडते. स्नेअरचे, म्हणजे काठीने वाजवायच्या खणखणीत ड्रमचे, दोन जोरदार फटके जिथे हवेत तिथे पडतात, पण खरी जादू त्या फटक्यांच्या मधल्या जागेत आहे. तिथे काठी स्नेअरवर नुसती टेकते, आवाज जेमतेम येतो, पण ते काढून टाका, ठेका कोरडा पडतो.

हे मी ऑक्टोपॅडवर काढायला बसलो. पॅडची सेन्सिटिव्हिटी कमी ठेवली तर ते हलके टोले पॅड खाऊन टाकतं. वाढवली तर टेकवलेली काठीसुद्धा ठणकन बोलते, आणि बाजूचं पॅड हादऱ्याने आपोआप वाजतं ते वेगळंच. शेवटी नाद सोडला आणि ढोलकी घेतली. पुडीवर बोटांनी ते हलके बोल लगेच आले, फक्त उजव्या हाताला हाय-हॅटचं अखंड काम देऊन वर हे करायला तिसरा हात लागला असता. स्टबलफील्ड चॅटनूगाचा. तिथल्या कारखान्यांचे आणि आगगाडीचे आवाज लहानपणी कानात बसले, असं तो सांगायचा. शिकायला वर्गात वगैरे गेलेला नव्हता.

ही वीस सेकंदं पुढे शेकडो गाण्यांत वाजली. पब्लिक एनिमीचं 'फाइट द पॉवर' घ्या, एलएल कूल जेचं 'मामा सेड नॉक यू आउट' घ्या. गीत-संगीतकार म्हणून नाव ब्राउनचं, ड्रमर बिदागीचा धनी, त्यामुळे स्टबलफील्डच्या हातात जवळपास काही आलं नाही. त्याच्या कॅन्सरच्या उपचाराची बिलं गायक प्रिन्सने गुपचूप भरली होती, हे प्रिन्स गेल्यावर लोकांना कळलं. स्टबलफील्ड २०१७मध्ये गेला. ग्रेगरी कोलमनचं तर याहून वाईट. १९६९च्या 'आमेन, ब्रदर' या विन्स्टन्सच्या गाण्यात त्याचा चार बारचा, म्हणजे चार आवर्तनांचा, तुकडा आहे, जेमतेम सात सेकंदांचा. हिप-हॉपने तो उचलला, मग इंग्लंडात जंगल आणि ड्रम-अँड-बेस हे अख्खे प्रकार त्यावर उभे राहिले. कोलमन २००६मध्ये अटलांटात बेघर अवस्थेत वारला.

मग ही चोरीच की, असं कोणी म्हणेल. मी तसं म्हणत नाही. १९८७ला आलेल्या एसपी-१२०० या सॅम्पलरमध्ये, म्हणजे दुसऱ्या रेकॉर्डचे तुकडे साठवून वाजवणाऱ्या यंत्रात, सगळे मिळून दहा सेकंदांचे आवाज मावायचे. पोरं काय करायची, तर मिनिटाला ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५च्या वेगावर पळवून आत घ्यायची आणि आत गेल्यावर यंत्रात पुन्हा हळू करायची. जागा वाचायची आणि आवाजाला एक खरखर यायची. ती खरखरच नव्वदीच्या न्यूयॉर्कची ओळख झाली. एका रेकॉर्डचा किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), दुसरीचा स्नेअर, तिसरीतला ट्रंपेटचा अर्धा श्वास, हे सगळं एका सुरात आणि एका लयीत बसवायला कान लागतो. त्यात कला आहे, आणि हिशेब चुकता केला नाही हेही खरं. दोन्ही एकदम खरं असू शकतं. १९९१ला न्यूयॉर्कच्या कोर्टाने रॅपर बिझ मार्कीविरुद्धच्या खटल्यात निकाल दिला, त्याची सुरुवातच 'चोरी करू नकोस' या बायबलमधल्या आज्ञेने. त्यानंतर सॅम्पलला परवानगी नि पैसे लागायला लागले, एका गाण्यात पंधरा-वीस तुकडे गुंफणं परवडेना. पण पैसे गेले ते हक्क धरून बसलेल्या कंपन्यांकडे, ड्रमरकडे नव्हे.

आपल्याकडचा मामलाही याच गावचा. २००२ला 'अ‍ॅडिक्टिव्ह' नावाचं गाणं अमेरिकेत गाजलं, ट्रूथ हर्ट्स या गायिकेचं, रॅप राकिमचं. त्यात लताबाईंचा आवाज सरळ उचललेला होता: 'ज्योती' चित्रपटातलं 'थोडा रेशम लगता है', संगीत बप्पी लाहिरी. लाहिरी कोर्टात गेले. कोर्टाने आधी त्यांचं नाव दिल्याशिवाय विक्री करू नका असं बजावलं, पण पुढे दावा टिकला नाही, कारण गाण्याचा हक्क त्यांच्याकडे नव्हताच. संगीतकाराची ही कथा, तर मागे ढोलक घेऊन बसलेल्याला कोण विचारतो?

आता प्रांतांचं. अमेरिकेत गावागणिक हिप-हॉप बदलतं आणि ते ओळखायला शब्द लागत नाहीत, किक आणि हॅट ऐकायची. न्यूयॉर्कचा बूम-बॅप, म्हणजे किक-स्नेअरचा ठळक ठेका, मान डोलवायला लावतो. लॉस एंजेलिस हे गाडीत बसून ऐकायचं शहर, तिथे डॉक्टर ड्रेने १९९२च्या 'द क्रॉनिक'मध्ये पार्लमेंट-फंकाडेलिक या बँडचा फंक संथ करून वर सिंथची शिट्टीसारखी लकेर ठेवली. न्यू ऑर्लिन्सची मजा वेगळीच. शोबॉइज या न्यूयॉर्कच्या जोडीचं १९८६चं 'ड्रॅग रॅप' घरी फारसं कोणी विचारलं नाही, पण न्यू ऑर्लिन्सने त्याचा ठेका दत्तक घेतला आणि 'बाउन्स' नावाचा प्रकार त्यावर उभा केला. मिरवणुकांचं शहर ते, त्यांना नाचायचा ठेका बरोबर कळतो.

ह्यूस्टनच्या डीजे स्क्रूवर माझा विशेष जीव. गाणी विलंबित करायची म्हणजे किती, तर गाणाऱ्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा होईल इतकी. दोन टर्नटेबलवर तीच रेकॉर्ड, एक जरा मागे, आणि मधेच एखादा शब्द दुसऱ्या रेकॉर्डवरून परत घ्यायचा. करड्या रंगाच्या कॅसेट तो घरून विकायचा, गेटबाहेर गाड्यांची रांग. २०००मध्ये तिशीही न गाठता गेला. पहिल्यांदा ऐकल्यावर टेप अडकलीय असंच वाटतं. पण रात्री हेडफोन लावून ऐका, एकेका शब्दाला किती जागा मिळते ते बघा.

आणि अटलांटा. १९९५ला न्यूयॉर्कमधल्या एका पुरस्कार सोहळ्यात अटलांटाच्या आउटकास्ट या जोडीला बक्षीस मिळालं तेव्हा लोकांनी हुर्यो केली. त्यातला आंद्रे माइकवर शांतपणे म्हणाला की दक्षिणेलाही काही सांगायचंय. पुढच्या वीसेक वर्षांत सगळं जगच दक्षिणेसारखं वाजायला लागलं. त्यातलं मुख्य यंत्र रोलंड कंपनीचं टीआर-८०८ हे ड्रम मशीन, म्हणजे आमच्या ऑक्टोपॅडच्याच कंपनीचं. १९८० ते ८३ एवढंच बनलं. त्याचे ड्रम ड्रमसारखे वाजत नव्हते म्हणून ते फारसं चाललं नाही, आणि पुढे त्यात लागणारे ट्रान्झिस्टरही मिळेनासे झाले. स्वस्तात सेकंडहँड मिळायला लागलं तेव्हा पोरांनी त्याच्या किकचा डिके, म्हणजे आवाज विरायचा वेळ, वाढवला आणि टोला संपेना, घुमत राहिला. अटलांटाच्या ट्रॅप या प्रकारात तोच टोला बेस गिटारचं काम करतो. वर हॅट मात्रेला चार, मग आठ, मग एकदम तिस्र जातीत घरंगळते. लय मोजायला गेलात तर एकशेचाळीसची आहे की सत्तरची, हे तुम्ही ठायीत बसता की दुगुनीत यावर. मेम्फिसची पोरं हे तिस्रातलं बोलणं आधीपासून करत होती. श्रेय मात्र अटलांटा घेऊन गेलं.

कलेचा दर्जा काय, असं विचारणाऱ्याला लोक २०१८चं पुलित्झर दाखवतात. केंड्रिक लमारच्या 'डॅम' या अल्बमला मिळालं, शास्त्रीय आणि जॅझच्या बाहेर संगीताचं पुलित्झर जाण्याची ती पहिलीच वेळ. चांगलं झालं. पण मी डेट्रॉइटचा बीट बनवणारा जे डिला ऐकवतो. एमपीसी या सॅम्पलर यंत्रावर क्वांटाइझ नावाची सोय असते, तुमचा चुकार टोला ती ओढून नेमक्या जागेवर बसवते. डिला ती बऱ्याचदा बंद ठेवून बोटांनी वाजवायचा. स्नेअर केसभर आधी, किक जरा रेंगाळलेला, हॅट तिसऱ्याच तऱ्हेने. ऐकताना वाटतं आता लय सुटणार, आणि सुटत नाही. दारू प्यायलेला माणूस घसरतोय असं दाखवणाऱ्या कसलेल्या सोंगाड्याचा तोल असतो तसा. यंत्राला माणसाचा हात लावणारा हा माणूस ३२व्या वाढदिवशी 'डोनट्स' हा अल्बम प्रकाशित करून तीन दिवसांनी गेला, फेब्रुवारी २००६. त्याची एमपीसी आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

सगळंच चांगलं नाही. बायकांबद्दल जे बोललं जातं ते कित्येकदा ऐकवत नाही, आणि पैशाच्या बढाया दोन गाण्यांनंतर कंटाळवाण्या होतात. हल्ली हॅटची फिरकी माउसने ओढून चिकटवतात, तेही लगेच कळतं.

मराठीत मला स्वदेसी या ग्रुपचा एमसी मवाली आवडतो. २०१९चं त्यांचं 'वारली रिव्होल्ट' मुंबईच्या आरे जंगलातल्या प्रकाश भोईरांबरोबर आहे, त्यात जंगलाबद्दलचं बोलणं उसनं वाटत नाही. अमरावतीचा १०० आरबीएच वऱ्हाडीत रॅप करतो तेव्हा शब्दांचा आघातच वेगळा पडतो, पुणेरी मराठीत ते जमणार नाही. तक्रार एकच: बऱ्याच मराठी पोरांचे बीट इंटरनेटवरून तयार घेतलेले असतात. तोंड अमरावतीचं आणि हॅट अटलांटाची. हलगी आहे, संबळ आहे, ढोलकी आहे, घ्या की.

हे भाच्याला बोललो, तर गेल्या रविवारी मोबाइल घेऊन आला आणि माझी थोडी ढोलकी रेकॉर्ड करून घेऊन गेला. त्याला स्टबलफील्डची सगळी कथा पुन्हा ऐकवली. वर्णनात नाव टाकतो म्हणाला. मानधनाचं विचारलं तर म्हणतो, "मामा, आधी व्ह्यूज तर येऊ देत."