दुहाती क्लेमोर, निव्वळ स्ट्रेंथ: एल्डन रिंगच्या एका बिल्डची नोंद, लेव्हल ९ ते ११८

एल्डन रिंग या व्हिडिओ गेममधल्या या बिल्डचं, म्हणजे पात्राचे गुण वाढवायच्या आखणीचं, सगळं गणित स्ट्रेंथ (ताकद) ५४ या आकड्याभोवती फिरतं. हत्यार दोन्ही हातांत धरलं की एल्डन रिंग स्ट्रेंथ दीडपट मोजतं आणि अपूर्णांक सोडून देतं. ५३ चे ७९ होतात, ५४ चे ८१. स्ट्रेंथमुळे हत्याराचा मार जो वाढतो तो ८० च्या पुढे एकदम मंदावतो, म्हणून ५४ ला थांबायचं. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. पण तिथवर पोचायची घाई झाली की बिल्ड अर्ध्या वाटेत अडकतं. एका फटक्यात आडवं होणाऱ्या पात्राला मोठी तलवार फिरवायला वेळच मिळत नाही. त्यामुळे या नोंदीत क्रम ठरवून ठेवला आहे: आधी व्हिगर (त्याने एचपी, म्हणजे पात्राचा जीव वाढतो) आणि तलवारीची पातळी, मग स्ट्रेंथ.

सुरुवात: व्हॅगाबाँड, लेव्हल ९

सुरुवातीला पात्राचा वर्ग निवडायचा असतो. हीरो या वर्गाची स्ट्रेंथ १६ बघून मोह होतो, पण बेरीज करून पाहा. क्लेमोर या मोठ्या तलवारीला स्ट्रेंथ १६ आणि डेक्स्टेरिटी (चपळाई) १३ लागते. व्हॅगाबाँडची डेक्स्टेरिटी मुळातच १३ आहे; या बिल्डला नको असलेले गुण: इंटेलिजन्स ९, फेथ ९, आर्केन ७. या चौघांत ३८ पॉइंट अडकतात. हीरोला डेक्स्टेरिटी ९ वरून १३ करावी लागते आणि त्याच्या ७, ८, ११ धरून ३९ अडकतात. शेवटी व्हॅगाबाँड एका लेव्हलने पुढे. फरक लहान आहे, पण सुरुवातीचं चिलखत आणि शारीरिक मार १०० टक्के अडवणारी हीटर शील्डही त्याच्याकडेच मिळते.

वीपिंग पेनिन्सुलातल्या कॅसल मॉर्नमध्ये क्लेमोर एका पेटीत असते. व्हॅगाबाँडची स्ट्रेंथ १४ म्हणजे एका हाताने दोन कमी पडतात, पण दोन्ही हातांत धरली की २१ मोजले जातात. त्यामुळे तलवार मिळाल्या क्षणापासून पूर्ण ताकदीने चालते. स्ट्रेंथमध्ये एकही पॉइंट टाकायची गरज नाही.

लेव्हल २५: व्हिगर २५, एंड्युरन्स १३, स्ट्रेंथ १८

सोळा लेव्हलपैकी दहा व्हिगरला दिल्या, बाकी स्ट्रेंथ आणि एंड्युरन्स (दम आणि वजन पेलायची क्षमता) यांना. व्हिगर १५ ला एचपी ५२२, २५ ला ८००. म्हणजे पॉइंटमागे साधारण २८. पुढचा पट्टा जास्त लाभाचा आहे: २५ ते ४० मध्ये एचपी ८०० वरून १४५० होतो, पॉइंटमागे ४३. हा पट्टा अर्धवट सोडणं ही या खेळातली सगळ्यात महागडी चूक. ४० ते ६० मध्ये पॉइंटमागे साडेबावीस मिळतात आणि एचपी १९०० वर जातो. ६० नंतर जेमतेम पाच, तिथे हात आखडायचा.

तलवारीचं काम याच टप्प्यात उरकायचं. साधं हत्यार स्मिदिंग स्टोन या दगडांनी +१ ते +२५ अशा पायऱ्यांनी वाढतं, आणि प्रत्येक तीन पायऱ्यांना एकाच प्रतीचे दगड लागतात: २, ४ आणि ६, म्हणजे १२. अशा आठ प्रती, एकूण ९६ स्मिदिंग स्टोन, आणि +२५ साठी शेवटचा एन्शंट ड्रॅगन स्मिदिंग स्टोन. चर्च ऑफ एलेमधल्या ऐरणीवर +३ पर्यंतच जाता येतं. पुढचं काम राउंडटेबल होल्डमधल्या ह्यूग लोहाराकडे. पहिल्या दोन प्रतींचे दगड हवे तेवढे विकत घ्यायचे तर राया ल्युकारिया क्रिस्टल टनेलमधून मायनर्स बेल बेअरिंग (दुकानात नवा माल आणणारी वस्तू) आणून राउंडटेबलमधल्या दुकानदार ट्विन मेडनला द्यायचं. त्यानंतरची बेअरिंग्ज सील्ड टनेल, झमोर रुइन्स आणि फारुम अझुला इथे, प्रत्येकी पुढच्या दोन प्रतींसाठी.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. खाणींतल्या मजुरांचं अंग दगडासारखं असतं आणि त्यावर पातं आपटून परत येतं, वार वाया जातो, हात उघडा पडतो. खाणीत शिरताना एखादी गदा किंवा सोटा दुसऱ्या खणात ठेवा. ठोकरणाऱ्या हत्याराने तेच मजूर दोन-तीन फटक्यांत पडतात.

तलवार +३ वर असताना स्ट्रेंथ १८ ची २८ केली तर आकडा फारसा हलत नाही. स्ट्रेंथचा लाभ हत्याराच्या मूळ माराच्या प्रमाणात मिळतो, आणि मूळ मार दगडांनीच वाढतो. म्हणून दगड आधी.

मार्गिटपाशी

बिल्ड बरोबर असूनही इथे अडकणारे पुष्कळ. मार्गिट हा सुरुवातीच्या भागातला बॉस, म्हणजे मोठा शत्रू, काठी डोक्यावर उचलतो आणि तिथेच धरून ठेवतो. काठी वर जाताना रोल (कोलांटी मारून वार चुकवणं) केला की रोल संपतो, आपण उठून उभे राहतो, आणि नेमकी तेव्हा ती खाली येते. बघायचं त्याच्या खांद्याकडे: काठी वर आहे तोवर खांदा स्थिर असतो, वार सुटताना आधी तो पुढे झुकतो. झुकला की रोल, तोही मागे नाही, त्याच्या काठीच्या हाताखालून पुढे. मागे गेलात तर पुढचा वार पुन्हा अंगावर, आणि क्लेमोर पोचेल एवढं अंतर कधी मिळतच नाही.

बटणाचीही एक खोच आहे. रोल आणि धावणं एकाच बटणावर असल्यामुळे रोल बटण दाबताना होत नाही, सोडताना होतो. घाबरून बटण दाबून धरलं तर तेवढा उशीर आपणच करतो. टिचकीसारखं दाबून सोडायचं, आणि एकदाच. दोनदा दाबलं तर खेळ दुसरा रोल रांगेत लावतो आणि हल्ला करायची वेळ त्यात जाते.

त्याच्या समोर फ्लास्क (जीव भरून काढणारी कुपी) प्यायला गेलं की तो सोनेरी खंजीर फेकतो. हे नशिबाचं नव्हे, आपली हालचाल बघूनच तो तसं करतो. त्याच्या लांब उडीनंतर, तो जमिनीवर आदळल्यावर प्या.

लेव्हल ६०: व्हिगर ४०, एंड्युरन्स १९, स्ट्रेंथ ३२

स्टॉर्मव्हेल किल्ल्यात इंप पुतळ्याच्या बंद दारामागे आयर्न व्हेटब्लेड आहे. स्टोनस्वर्ड की लागते. ते मिळालं की हत्याराला हेवी अॅफिनिटी (कोणत्या गुणाने मार वाढेल ते ठरवणारा प्रकार) देता येते. डेक्स्टेरिटीचा लाभ जातो, स्ट्रेंथचा वाढतो, आणि आपली डेक्स्टेरिटी १३ वरच राहणार असल्याने नुकसान फारसं नाही. अॅफिनिटी ग्रेसवर (विश्रांतीच्या जागी) बसून फुकट बदलता येते, तेव्हा आपल्या आकड्यांवर साधी आणि हेवी दोन्ही लावून बघा.

फायर किंवा लाइटनिंगचा मोठा आकडा बघून भुलू नका. तिथे मार दोन प्रकारांत विभागला जातो आणि शत्रूचा बचाव प्रत्येक प्रकारातून वेगळा कापला जातो. पडद्यावर बेरीज मोठी दिसते, अंगावर कमी लागते. शिवाय हेवी हत्याराला ग्रीस (पात्याचा मार तात्पुरता वाढवणारा लेप) लावता येतं, मिनिटभर टिकतं. फायरवाल्याला ते चालत नाही.

आता स्टॅन्स. प्रत्येक शत्रूला न दिसणारा एक तोल असतो. तो संपला की शत्रू कोसळतो आणि जवळ जाऊन क्रिटिकल (जबर वार) मारता येतो. हलक्या वारांनी तो थोडा घटतो. उडी मारून केलेला जड वार, पूर्ण ताणलेला जड वार आणि ढालीने अडवून लगेच केलेला गार्ड काउंटर यांनी बराच. थोडा वेळ मार पडला नाही की तोल पुन्हा भरू लागतो. म्हणून दोन हलके वार मारून लांब पळण्यापेक्षा एक उडीचा वार मारून जवळच राहणं चांगलं. उडीचा वार करणाऱ्यांनी क्लॉ टॅलिस्मन (उडीच्या वाराचा मार वाढवणारा ताईत) घ्यावा, तोही स्टॉर्मव्हेलमध्येच आहे.

क्लेमोरचा जड वार टोकाचा आहे, इथेच ती इतर ग्रेटस्वर्डपेक्षा सरस वाटते. शत्रू वार करत असताना टोक लागलं तर जास्त मार बसतो, आणि अरुंद बोळात भिंतीला आपटत नाही.

लेव्हल १००: व्हिगर ५०, माइंड १२, एंड्युरन्स २५, स्ट्रेंथ ५४

इथे ८१ गाठले. माइंडने एफपी, म्हणजे खास वारांना लागणारी शक्ती, वाढते; त्याला दिलेले दोन पॉइंट लायन्स क्लॉ या खास वारासाठी. हा अॅश ऑफ वॉर (हत्याराला जोडायचं कौशल्य) केलिडमधल्या फोर्ट गेलच्या सिंहाकडून मिळतो, एका वेळेला २० एफपी खातो. माइंड १० ला एफपी ७८, म्हणजे तीनदा. १२ ला ८५, म्हणजे चारदा.

एंड्युरन्स २५ ला वजनाची मर्यादा ७२. मध्यम रोलसाठी ७० टक्क्यांच्या आत राहायचं, म्हणजे ५०.४ च्या खाली. ग्रेट-जार्स आर्सेनल हा ताईत वजनाची मर्यादा १९ टक्के वाढवतो आणि तीच मर्यादा ६० च्या किंचित खाली येते. क्लेमोरचं वजन ९, तेव्हा आख्ख्या तलवारीएवढी जागा मोकळी झाली. ती चिलखतात घालून पॉइज (मार खाऊनही न डळमळण्याची क्षमता) ५१ च्या वर न्या. त्याखाली असलं की किरकोळ शिपायाच्या वारानेही आपला ताणलेला जड वार मोडू शकतो. पाठीवरची, न वापरलेली हत्यारंही वजनात मोजली जातात, ती काढून ठेवा.

रॅडागॉन्स सोअरसील हा ताईत या टप्प्यावर काढला. चार गुणांत पाच-पाच पॉइंट देतो, पण अंगावरचा मार १५ टक्क्यांनी वाढवतो. लेव्हल ३० ला तो सोन्यासारखा. व्हिगर ५० च्या पुढे त्याने दिलेला एचपी तो स्वतःच खातो.

लेव्हल ११८: व्हिगर ६०, एंड्युरन्स ३३, बाकी तसंच

तलवार हेवी +२५. सुरुवातीचे पॉइंट भलतीकडे गेले असतील तर रेनाला या बॉसला हरवल्यावर तिला लार्व्हल टिअर ही एक वस्तू देऊन सगळे परत वाटता येतात. इथपर्यंतचा कुठलाही टप्पा तसा गाठता येतो.

पुढे स्ट्रेंथ ६६ केली तर दुहाती ९९ होतात. बारा पॉइंट लागतात आणि वाढ ८० च्या पलीकडची, म्हणून तूर्त ते एंड्युरन्सला. शॅडो ऑफ द एर्डट्री या जोडभागात तर लेव्हलपेक्षा स्कॅडूट्री फ्रॅगमेंटच (तिथला आपला मार आणि बचाव वाढवणारे तुकडे) जास्त काम करतात: एकूण ५०, आशीर्वादाची पातळी २० पर्यंत. तिथली मोजणी पुढच्या नोंदीत, पातळी ५, १० आणि २० ला हीच तलवार आणि हेच आकडे ठेवून.